पान अठ्ठावन्नवरची शेळी

मुलाणी सर पुस्तकाचं नाव घेत नसत. 'पुस्तक' एवढंच म्हणत. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला इंग्रजीच्या पेपरात ती एकच कादंबरी होती, त्यामुळे घोटाळा होत नसे. वर्गात कोणी दुसऱ्या एखाद्या पुस्तकाचा विषय काढला, तर सर विचारत, "कुठलं पुस्तक?" आणि खरोखर गोंधळलेले दिसत.

अन्वर मुलाणी पेशाने शिक्षक नव्हते. गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या चाकणच्या एका कारखान्यात त्यांनी सव्वीस वर्षं क्वालिटी इन्स्पेक्टर म्हणून काम केलं. बाहेरून आलेला माल मोजायचा, ड्रॉइंगशी ताडायचा आणि त्यावर हिरवं, पिवळं किंवा लाल लेबल लावायचं: घ्या, दुरुस्त करा, परत पाठवा. नोकरीत असतानाच, चाळिशी उलटल्यावर, त्यांनी बाहेरून इंग्रजीत एम.ए. केलं. का केलं, याचं उत्तर ते एका वाक्यात देत. मशीनची मॅन्युअलं वाचता वाचता भाषा आवडली. पुढे मेहुण्याचं कुरुळीत हार्डवेअरचं दुकान होतं, त्याच्या वरच्या खोलीत त्यांनी वर्ग सुरू केला. दर गुरुवारी, सकाळी दहा ते एक. गुरुवार अशासाठी, की त्या भागातल्या बऱ्याच कंपन्यांना गुरुवारी सुट्टी असते. विद्यार्थी सगळे नोकरी करून घरबसल्या पदवी मिळवू पाहणारे. कोणी असेंब्ली लाइनवर, कोणी कँटीनमध्ये, कोणी फोर्कलिफ्टवर.

मी तेव्हा एका दैनिकासाठी औद्योगिक पट्ट्यातल्या बातम्या करत होतो. कामगारांच्या इंग्रजी वर्गावर एक चौकट करायची म्हणून गेलो. चौकट छापून आली, तिच्यात त्यांचं आडनाव 'मुलानी' असं पडलं. पुढच्या गुरुवारी गेलो तेव्हा कात्रण खोलीच्या भिंतीवर लावलेलं होतं आणि त्यावर लाल लेबल होतं. दोष: 'ण'च्या जागी 'न'. कृती: परत.

"एका अक्षराचं काय एवढं, सर?" मी म्हणालो.

"तुमच्या पेपरात माझ्या नावाचा दुसरा माणूस झाला," ते म्हणाले. "तो कोण, मला म्हाईत न्हाई. त्याचा सत्कार मी कसा घेऊ?"

दोन ओळींची दुरुस्ती छापून आणल्यावर लेबल हिरवं झालं. त्यानंतर मी जमेल त्या गुरुवारी जात राहिलो. बातमीसाठी नव्हे. मागच्या बाकावर बसायला त्यांची हरकत नव्हती, एवढंच.

बुटका माणूस. पूर्ण बाह्यांचा शर्ट, मनगटाशी बटण लावलेलं. खिशात पेनाशेजारी सहा इंची स्टीलची पट्टी. वाचताना ती पट्टी ओळीखाली धरायची आणि ओळ संपली की खाली सरकवायची. इंग्रजी ते सपाट वाचत, कुठेही आवाज न चढवता. समजावून मात्र महाळुंग्याच्या आपल्या जुन्या बोलीत सांगत. व्हय, न्हाई, हाय. त्यांच्या घराण्याच्या किती पिढ्या महाळुंग्यात गेल्या, ते कोणालाच सांगता येत नव्हतं. 'छान' हा शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकला नाही. उत्तर आवडलं तर 'पास' म्हणत, न आवडलं तर वहीवर पिवळं लेबल. लाल लेबल क्वचित, आणि ते मिळालेला विद्यार्थी आठवडाभर त्याबद्दल बोलत असे.

त्यांचं एक वाक्य वर्गात दर गुरुवारी ऐकू येई. कोणी म्हणालं, मला वाटतं लेखिकेला असं म्हणायचंय, की सर हात वर करत. "तुला वाटतं ते बाजूला ठेव. ड्रॉइंग काय म्हणतं?" ड्रॉइंग म्हणजे छापलेलं पान. कारखान्यात भाग चांगला दिसतो की वाईट, याला किंमत नसते; तो ड्रॉइंगला धरून आहे की नाही, एवढंच बघतात. कादंबरीही तशीच वाचायची, असा त्यांचा हिशेब.

पुस्तकाची गोष्ट थोडक्यात अशी. आफ्रिकेतला एक डोंगराळ मुलूख. तिथल्या लोकांचे नऊ झरे. पेरणीआधी गावातली एक म्हातारी त्या नऊ झऱ्यांची नावं ठरलेल्या क्रमाने घेते. ती घेतल्याशिवाय बी जमिनीत पडत नाही. मग इंग्रज येतात. आधी मिशन, मग शाळा, मग खाणीची कंपनी. शाळेत घरची भाषा बोलायला बंदी होते. तरुण खाणीत जातात. पेरणीचा विधी बंद पडतो. शेवटच्या प्रकरणात सरकारी सर्वेअर घडीच्या स्टुलावर बसून, दुभाष्यामार्फत, म्हातारीला झऱ्यांची नावं विचारतो. ती एकेक करून नऊ नावं सांगते. तो लिहून घेतो. शेवटचं वाक्य आहे, नकाशा पूर्ण झाला.

बाजारातली सगळी गाइडं या शेवटाला शरणागती म्हणतात. म्हातारीकडे उरलेली एकच गोष्ट, तीही तिने देऊन टाकली. सरांच्या नोट्सही तेच सांगत. चाळीस पानांच्या त्या नोट्स झेरॉक्स होऊन चाकण, आळंदी, तळवड्यापर्यंत फिरत. त्यातलं पान एकतीस विद्यार्थ्यांना पाठ असे. 'जे म्हणायचं होतं ते लिहिलं गेलं, आणि तिथेच ते संपलं.' हे वाक्य सरांना स्वतःला आवडायचं. शेवटचं पान ते हळू आवाजात वाचत, त्यावर प्रश्न घेत नसत. एरवी साडेअकराला खालच्या टपरीवरून चहा येई. शेवटच्या पानाच्या दिवशी चहा नसे.

एका वर्षी त्या शांततेत दत्ता बोलला. दत्ता फोर्कलिफ्ट चालवायचा, कुरुळीचाच, जमीन कंपनीत गेलेल्या घरातला; हा पेपर त्याचा वर्षानुवर्षं राहिलेला. वर्गात चिमटे काढायचं काम त्याच्याकडे होतं, पण तेव्हा तो गंभीर होता.

"आमचा पण असाच नकाशा झाला की, सर. जांभुळपट्टी म्हणायचो आमी. आता तिला प्लॉट नंबर हाय."

"दत्ता, ड्रॉइंगमध्ये कुरुळी न्हाई."

"पण सर, तेच की राव हे."

"तुझी जांभुळपट्टी तुझ्या वहीत लिव. पुस्तकात घालू नगंस. पुस्तकात तिचे झरे हायेत, ते आधी बघ."

सरांचं स्वतःचं वावर महाळुंग्यात कंपन्या आल्या तेव्हा सुरुवातीलाच गेलं होतं, हे मला मागाहून दुसऱ्याकडून कळलं. तुलना ते करत नसत. तुलना केली की माणूस वाचायचं थांबतो, असं त्यांचं म्हणणं होतं.

अकरा वर्षं त्यांनी तो शेवट असाच शिकवला. बाराव्या वर्षी वर्गात संगीता ढगे होती.

संगीता बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्याची. वय अडतीस. महाळुंग्याच्या एका कंपनीत स्टोअरमध्ये कंत्राटी मदतनीस. खोक्यावरचा नंबर आणि मालासोबत आलेल्या चलनावरचा नंबर एकच आहे का, हे बघणं तिचं काम. नंबर बारा आकडी. पदवीचे बाकी सगळे पेपर सुटले होते; इंग्रजीच्या या पेपरात ती दोनदा नापास झाली होती. या खेपेला तिचं काम अडलं होतं. कंपनी स्टोअर इन्स्पेक्टरची कायम जागा आतल्याच माणसातून भरणार होती. अट एकच, पदवी. सुपरवायझरने तिला सांगितलं होतं की एप्रिल संपेपर्यंत जागा तिच्यासाठी थांबेल, नंतर बाहेरचा माणूस घेतील. परीक्षा डिसेंबरात होती.

इंग्रजी कच्चं असल्याने तिने एक वही केली होती. न कळलेला प्रत्येक शब्द, त्याचं पान, त्याचा अर्थ. कुठला शब्द इंग्रजी आणि कुठला पुस्तकातल्या लोकांचा, हे तिला ओळखता येत नसे. शिकलेला वाचक परकं नाव आलं की त्यावरून पुढे सरकतो. नाव आहे एवढं कळलं की त्याला पुरतं. संगीताने नावंसुद्धा डिक्शनरीत शोधली. ती तिथे नव्हती. मग मागचं-पुढचं वाचून तिने अर्थ स्वतःच लिहिले. पेपर तिसऱ्यांदा देत असल्यामुळे ही वही दोनशे पानांची झाली होती. वर्गातली पोरं त्या वहीला हसत.

तो ऑक्टोबरातला गुरुवार होता. सर शेवटचं प्रकरण वाचत होते. पट्टी ओळीखाली. म्हातारी नावं सांगत होती आणि सर ती एकेक उच्चारत होते. पाचव्या नावाशी संगीता म्हणाली, "सर, एक मिनिट. ही शेळी हाये."

"ताई, झरा हाय तो," दत्ता म्हणाला. "भूक लागली काय?"

वर्ग हसला. सर थांबले नव्हते. ते सहाव्या नावावर गेले होते.

"तोलुंबे," संगीता वही उघडून म्हणाली. "पान अठ्ठावन्न. म्हातारीची लंगडी शेळी. खाणीचा रस्ता करत्यात तवा मरती ती."

सरांनी वर पाहिलं. "एका नावाची दोन आसत्यात. आमच्या आळीत तीन अन्वर हायेत. बस."

ती बसली नाही. "मग सहावं? पान चाळीसला ते पळीचं नाव हाये, लापशी घोटायच्या. आन् आठवं लेकरं लपाछपी खेळताना वरडत्यात ते. मला आधी वाटलं माझंच चुकलं. सर, तुमीच म्हणता की. ड्रॉइंग काय म्हणतं, बगा."

सरांनी तिची वही मागून घेतली. दुसऱ्या प्रकरणात, पान बारावर, नऊ नावं पहिल्यांदा येतात. ते पान त्यांनी उघडं ठेवलं. शेजारी शेवटचं पान. मग पट्टी सरकवत एकेक नाव ताडायला सुरुवात केली. प्रत्येक नाव वहीत शोधायचं, वहीतला पान नंबर पुस्तकात काढायचा, तिथली ओळ वाचायची. मी सवयीने घड्याळ पाहिलं. पंचेचाळीस मिनिटं लागली. तेवढा वेळ वर्गात कोणी उठलं नाही. 

"पहिलं नाव बरोबर हाय," सर शेवटी म्हणाले. "बाकी आठ न्हाईत."

"म्हातारी विसरली असंल," दत्ता म्हणाला. "वय झालं की तिचं."

"विसरलेला माणूस अडखळतो. शेळी, पळी आन् लपाछपी धडाधडा सांगत न्हाई." सरांनी चष्मा काढला. "पहिलंच तेवढं बरोबर का, सांगा बरं?"

 मग मागून संगीताच म्हणाली, "फर्स्ट पीस."

तिथे बसलेल्या सगळ्यांना ते कळलं. मला समजावून सांगावं लागलं. सप्लायर नवीन माल सुरू करतो तेव्हा पहिला नग तपासायला देतो. तो नग तो जिवापाड मेहनत करून बनवतो, कारण तो पास झाला की पुढच्या मालाकडे कोणी तेवढं बारकाईने बघत नाही. दुभाष्या त्याच मुलखातला होता. त्याला एखादं नाव ठाऊक असणार, हे म्हातारीला माहीत होतं. पहिलं नाव तिने खरं दिलं. दुभाष्याने मान डोलावली. पुढे दुभाष्याने कान दिला नाही, सर्वेअरने नुसतं लिहून घेतलं.

"म्हणजे सरकारी नकाशावर शेळी हाय," दत्ता म्हणाला.

"लंगडी," सर म्हणाले, आणि हसायला लागले. मी त्यांना तोवर हसताना पाहिलं नव्हतं. आवाज होत नव्हता, नुसते खांदे हलत होते आणि हातातली पट्टी बाकावर वाजत होती. त्या दिवशी चहा आला. मग पुन्हा एकदा आला.

पुढच्या गुरुवारी सरांच्या नोट्सची मूळ प्रत भिंतीवर होती, पान एकतीसवर उघडलेली. लाल लेबल. दोष: न तपासता पास. जबाबदार: अ. मुलाणी. वर्गातल्या सगळ्यांनी आपापल्या प्रतीतलं ते पान फाडून त्यांच्याकडे द्यायचं होतं. जुन्या विद्यार्थ्यांना ते दुपारभर फोन करत होते. त्यातला एकजण आता तळवड्याच्या आयटी पार्कमध्ये होता. त्याचं बोलणं आम्हाला ऐकू येत होतं, कारण सरांना कमी ऐकू यायचं आणि फोनचा स्पीकर कायम चालू असे.

"सर, मला पास होऊन सहा वर्षं झाली."

"व्हय. पण चुकीचं लिवून पास झालास. पान एकतीस काढ आन् फाड."

"नोट्स गावाकडं आहेत, सर."

"मग गावाला गेलास की फाड."

परीक्षेच्या आदल्या गुरुवारी मात्र त्यांनी वर्गाला वेगळंच सांगितलं. शेवटावर प्रश्न आला तर पान एकतीसच लिहायचं.

"सर, ते तर फाडलं," दत्ता म्हणाला.

"पाठ हाय न्हवं? मग लिवा. पेपर तपासणाऱ्याला शेळी भेटलेली न्हाई." वर्ग सुटल्यावर त्यांनी संगीताला थांबवलं. "तुझी जागा अडलीय. खरं काय ते पुढल्या वर्षी सांग सगळ्यांना. आत्ता पास हो."

ती 'हो' म्हणाली.

प्रश्न आला. कादंबरीचा शेवट हे सांस्कृतिक ऱ्हासाचं चित्र आहे, चर्चा करा. सोळा गुण. दत्ताने पान एकतीस लिहिलं आणि त्याला बारा मिळाले. संगीताला एकूण चौतीस मिळाले. पासिंग चाळीसला होतं. निकाल फेब्रुवारीत लागला, त्यानंतरच्या गुरुवारी ती आली आणि फोनवर निकाल उघडून सरांसमोर ठेवला.

"काय लिवलंस?"

"शेळी."

"मी काय सांगितलं व्हतं?"

"सांगितलं होतं. तसं लिहायला घेतलं बी होतं. 'म्हातारी शरण गेली' आसं एक वाक्य लिहिलं. मग हात चालंना." तिने फोन परत घेतला. "रोज नऊ तास नंबर ताडते मी, सर. नंबर चुकीचा हाये हे डोळ्याला दिसल्यावर सही कशी करावी?"

सरांनी पुस्तक उघडलं. वर्ग सुरू झाला, संपला. सगळे गेल्यावर ते तिला म्हणाले, "उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी मागव."

फोटोकॉपी आली. त्या उत्तराला सोळापैकी तीन होते आणि समासात शेरा होता की या म्हणण्याला मजकुरात आधार नाही. सरांनी तो शेरा दोनदा वाचला. रागावलेले दिसले नाहीत. उलट जरा ताठ बसले. आधार हा त्यांचा विषय होता.

त्यांनी एका कागदावर तक्ता केला. चार रकाने: शेवटच्या प्रकरणातलं नाव, ते आधी कोणत्या पानावर, तिथे ते कशाचं, पान बाराच्या यादीत आहे की नाही. नऊ ओळी. मतप्रदर्शनाचा एक शब्द नाही. खाली 'ताडून पाहिले', सही, फोन नंबर. मागे त्या त्या पानांच्या झेरॉक्स, त्यावर नावाखाली पेन्सिलीची रेघ. सव्वीस वर्षं ज्या नमुन्यात ते सप्लायरचा माल परत पाठवत, त्याच नमुन्यात हा अहवाल होता.

फेरतपासणीचा अर्ज द्यायला ते संगीतासोबत पुण्याला गेले. मीही गेलो, बातमी होईल असं वाटलं होतं. झाली नाही. खिडकीवरच्या कारकुनाने अर्ज घेतला आणि मागचे कागद परत सरकवले.

"आजोबा, नुसता फॉर्म द्या. जोडपत्र चालत नाही."

"फॉर्मवर 'कारण' असा रकाना हाय."

"मग त्यात लिहा."

"दीड ओळीची जागा हाय. माझ्या नऊ ओळी हायेत."

"तशी पद्धत नाही हो."

"पद्धत नगं. जोडपत्र चालत न्हाई, असं जिथं लिवलंय ते दाखवा. मी लगेच जातो."

कारकुनाने नियमांची पुस्तिका काढली. सरांनी खिशातली पट्टी काढून त्याच्या ओळीखाली धरली, म्हणजे ओळ चुकायला नको. मागे रांग वाढत होती. एक मुलगी म्हणाली, "काका, सापडलं का?" बारा पानं झाल्यावर कारकून स्वतःच हसला.

"नाही लिहिलेलं. लावा. पण स्टेपलर नाही माझ्याकडे."

"मी आणलाय," सर म्हणाले.

मार्च गेला. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात सुपरवायझरने संगीताला पुन्हा आठवण करून दिली. तिने सरांना सांगितलं, सरांनी विद्यापीठाला फोन केला, विद्यापीठाने वाट बघायला सांगितलं. त्या दोन गुरुवारी सर नेहमीसारखे शिकवत होते, पण पट्टी त्यांच्या हातून तीनदा पडली. दत्ताने ती तिन्ही वेळा उचलून दिली.

महिना संपायला चार दिवस असताना निकाल आला. तीनाचे चौदा झाले होते. चौतीसचे पंचेचाळीस. संगीता तेव्हा शिफ्टवर होती. जेवणाच्या सुट्टीत तिने निकालाची छापील प्रत काढली आणि सुपरवायझरच्या टेबलावर ठेवली. त्याने ती वाचली आणि बैठक क्रमांक ताडून बघायला परीक्षेचं ओळखपत्र मागितलं. संगीताने ओळखपत्र आधीच काढून ठेवलं होतं.

त्यानंतरच्या गुरुवारी, वर्ग चालू असताना, सरांचा फोन वाजला. स्पीकरवर एका वयस्कर बाईंचा आवाज होता.

"मुलाणी बोलताय? तुमच्या तक्त्यावर हा नंबर होता. खरं तर मी फोन करायला नको. फेरतपासणी माझ्याकडे आली होती."

"बोला, मॅडम."

"बावीस वर्षं शिकवतेय मी हे पुस्तक."

"मी अकरा."

"दोघांची मिळून तेहतीस झाली. आणि शेळी दिसली नाही आपल्याला?"

"न्हाई दिसली," सर म्हणाले. "आपल्याला इंग्रजी येतं न्हवं."

 मग बाई हसायला लागल्या, आणि बराच वेळ हसत राहिल्या. वर्गही हसला. संगीता हसली नाही. ती कान देऊन ऐकत होती. बाईंनी शेवटी विचारलं, ती मुलगी कोण? मुलगी अडतीस वर्षांची आहे आणि समोरच बसली आहे, असं सरांनी सांगितलं. "द्या तिला फोन," बाई म्हणाल्या. स्पीकर बंद कसा करायचा ते सरांना माहीत नव्हतं, म्हणून संगीता फोन घेऊन जिन्यात गेली. त्या काय बोलल्या, ते तिने कोणाला सांगितलं नाही.

मे महिन्यात ती कायम झाली. पहिल्याच आठवड्यात तिने सुपरवायझरने घाईने उतरवून घेतलेला एक लॉट परत पाठवला. खोक्यावरचा एक आकडा चलनाशी जुळत नव्हता. सुपरवायझर चिडला, मग त्याने स्वतः नंबर वाचला आणि परतीच्या कागदावर सही केली. ही गोष्ट तिने वर्गात येऊन सांगितली. सर म्हणाले, "पास."

आता सर मुलीकडे मिरजेला असतात. कुरुळीचा वर्ग दर गुरुवारी चालू आहे. नोट्सची नवी आवृत्ती एकोणचाळीस पानांची आहे. पान तीसनंतर थेट पान बत्तीस येतं, आणि नवीन विद्यार्थी दर वर्षी झेरॉक्सवाल्याशी त्यावरून भांडतात.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते मिरजेला जाण्याच्या आदल्या आठवड्यात. शेवटचं प्रकरण होतं आणि ते शिकवायला त्यांनी संगीताला सांगितलं होतं. ती फर्स्ट शिफ्ट कोणाशी तरी बदलून, कंपनीच्या निळ्या गणवेशातच आली होती. सर मागच्या बाकावर, माझ्या शेजारी बसले. संगीताने नऊ नावं वाचली, शेळी दाखवली, पळी दाखवली, फर्स्ट पीस समजावला. वर्ग नवा होता. पोरं पोट धरून हसली. ती हसणं थांबेपर्यंत थांबली.

मग कँटीनमध्ये काम करणाऱ्या एका मुलाने हात वर केला. "पण मॅडम, म्हातारी तर मरणारच ना. खरी नावं तिनं कोणालाच सांगितली नाहीत. म्हणजे शेवटी नावं गेलीच की."

संगीताने मागे सरांकडे पाहिलं. सर पुस्तकात बघत होते. त्यांनी मान वर केली नाही. हा प्रश्न अकरा वर्षांत त्यांना कोणी विचारला नव्हता, कारण ते शेवटच्या पानावर प्रश्न घेतच नसत.

"पान बारा काढा," संगीता म्हणाली.

पानं उलटल्याचा आवाज झाला.

"हितं हायेत. नऊच्या नऊ, ओळीनं. सर्वेअर यायच्या कितीतरी आधी. त्याला तिनं सांगितली नाहीत. आपल्याला आधीच सांगून ठेवलीत." तिने बोट पहिल्या नावावर ठेवलं. "म्हणा."

पहिल्यांदा म्हटलं तेव्हा अर्धा वर्ग अडखळला. तिने पुन्हा म्हणायला लावलं. मला एक बैठक गाठायची होती, म्हणून मी तिसऱ्या खेपेला उठलो. जिना उतरताना वरून तीसेक माणसांच्या आवाजात ती नावं येत होती. सरांचा आवाज त्यांत वेगळा ओळखू येत होता. ते पुस्तकात बघत नसावेत, कारण प्रत्येक नावाला ते इतरांच्या अर्धा शब्द पुढे होते.